रस्टमधली इंटेरियर म्युटेबिलिटी: डॉक्युमेंटेशन कसं वाचायचं अन् आपलं कसं लिहायचं

जिनिंगच्या काट्यासाठी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लहानसा प्रोग्राम लिहून राहिलो होतो, कापसाची गाडी आली, भरलं वजन, रिकामं वजन, पावती, एवढंच. कॉम्पायलरनं (कोड चालायच्या आधी तपासते तो) दोन दिवस अडवलं म्हणून डॉक्युमेंटेशन उघडलं तर गोंधळ अजून वाढला, काहून की आधी वाटते साधा रेफरन्स (&, म्हणजे मालाचा पत्ता) फक्त वाचायले अन् अँड-म्यूट (&mut) बदलायले, अन् मंग सेल (माल ठेवाची डबी) येते तो साध्या रेफरन्समधूनच बदलते. मंग आधीचं खोटं का?

खोटं नाही भाऊ, नाव डोक्यात उलटं बसते. वाचताना साध्या रेफरन्सले 'सामाईक' म्हणा अन् अँड-म्यूटले 'एकट्याचा'. दोघा भावांची सामाईक विहीर असली की मोटर लावाले पाळी ठरवा लागते, स्वतःच्या एकट्याच्या विहिरीवर कोणाले विचारा लागत नाही. इंटेरियर म्युटेबिलिटी म्हणजे हे पाळी ठरवणं, सामाईक असूनही बदल करता येते पण नियमानं.

आता नियम कोणता घ्यायचा. गाड्यांचा नुसता आकडा असंन तर सेल, तो आतल्या मालाचा रेफरन्स बाहेर देतच नाही, गेटनं कॉपी काढा, सेटनं नवीन टाका. स्ट्रिंग (मजकूर) अशी कॉपी होत नाही, तिथं टेक (काढून घ्या) किंवा रिप्लेस (नवीन टाकून जुनं घ्या). थ्रेड (एकाच प्रोग्रामात संगं चालणारी कामं) जास्त असले तर म्यूटेक्स (कुलूपवाली डबी), दुसरा थ्रेड लॉक सुटेपर्यंत थांबते.

यादी असली अन् थ्रेड एकच असला तर रेफसेल, अन् खरी फजिती इथंच होते. कॉम्पायलर जे आधी तपासत होता ते हा प्रोग्राम चालताना मोजते, वाचणारे कितीही नाहीतर लिहिणारा एकच, अन् नियम मोडला तर वाट पाहत नाही, सरळ पॅनिक, म्हणजे प्रोग्राम बंद पडते. माझ्या प्रोग्रामात मॅचच्या (किमतीप्रमाणं वाट निवडते ते) वरच्या ओळीतच यादी.बॉरो().फर्स्ट() (वाचायले उसनं घेणं) लिहिलं होतं अन् मॅचच्या आत बॉरो_म्यूट (लिहायले उसनं घेणं), दिसाले दोन येगळ्या ओळी, पण तो बॉरो मॅच संपेपर्यंत सुटतच नाही. म्हणून पयले वेगळ्या लेट ओळीत क्लोन (नक्कल) करून घ्या, सेमीकोलनवर बॉरो सुटला, मंग मॅच करा. पॅनिक नकोच असंन तर ट्राय_बॉरो_म्यूट, तो रिझल्ट (जमलं का नाही ते) देते.

अन् साध्या रेफरन्सचा रॉ पॉइंटर (कॉम्पायलर न तपासणारा पत्ता) करून अनसेफ ब्लॉकमधी माल बदलायचं मनातही आणू नका. सेल, रेफसेल, म्यूटेक्स सगळ्याच्या बुडाशी अनसेफसेल हाय, तो नसला तर कॉम्पायलर धरून चालते की सामाईक असेपर्यंत माल बदलत नाही, अन् त्या भरवशावर तो कोड ऑप्टिमाइझ करते, मंग काय होईल ते कोणीच सांगू शकत नाही.

आपल्या टाइपचं डॉक्युमेंटेशन लिहिताना मले सगळ्यात महत्त्वाचं हे वाटते की फंक्शन अँड-सेल्फ (&self, म्हणजे स्वतःचा सामाईक रेफरन्स) घेऊन आतून बदल करते हे सिग्नेचरमधी (फंक्शनच्या नावाच्या ओळीत) दिसतच नाही, ते शब्दात सांगाच. काय बदलते, पॅनिक कधी होते ('पॅनिक्स' हेडिंगखाली), दुसऱ्या थ्रेडसोबत शेअर होते का नाही. माझ्या काट्यावर आता असं लिहिलेलं हाय: "हे फंक्शन सामाईक रेफरन्स घेते पण गाड्यांच्या यादीत नोंद वाढवते. यादी कोणी वाचून राहिलं असतानाच बोलावलं तर पॅनिक होईल. आत रेफसेल असल्यानं हा टाइप थ्रेडमधी शेअर करता येत नाही."