मोठी कॅराव्हॅन वळवताना लक्ष मागच्या कोपऱ्यावर

भाड्याची कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन महेश्वरला जायचं ठरवलंय? मग आधी एक सकाळ इंदूरमध्येच, सुपर कॉरिडॉर रस्त्याच्या बाजूच्या एखाद्या मोकळ्या मैदानात घालवा. पुढचं दिसतंच, सराव मागच्याचा हवा.

मागच्या चाकांच्याही मागे बॉडीचा बराच भाग असतो. गाडी उजवीकडे वळली की तो डावीकडे बाहेर फेकला जातो. कडेला उभी गाडी एकदम पूर्ण स्टिअरिंग मारून काढलीत, तर शेजारची स्कूटर आडवी झालीच समजा. म्हणून मैदानात चुन्याची लांब रेघ मारा. गाडीची डावी बाजू बरोबर रेघेवर आणा, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा आणि अगदी हळू पुढे न्या. मागचा कोपरा रेघेपलीकडे किती गेला, ते खाली उभ्या माणसाला टेपने मोजू द्या. तेवढी जागा शेजारी नसेल, तर आधी थोडं सरळ जाऊन मगच वळायचं. आतल्या बाजूची मागची चाकं कोपरा कापतात, तेही याच वेळी आरशात बघून घ्या.

छतावरच्या एसीसकट उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. इंदूरच्या गजबजलेल्या राजवाड्याकडे मात्र ही गाडी नेऊच नका, रिक्षा करा!

मानपूरच्या पुढे घाट उतरताना आधीच खालचा गिअर टाका. सतत ब्रेक दाबून धरले की तापतात आणि पकड सुटते. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो वजन वाढतं, त्यामुळे ती महेश्वरला पोहोचल्यावरच भरलेली बरी.