जिप्समच्या भिंतीमागील चॅनेल आणि जुन्या घरातील लाकडी खांब कसे शोधावेत

कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीकडील दवाखाने, क्लास, कार्यालये आणि नवे फ्लॅट यांत जिप्सम बोर्डाची पार्टिशने आता सर्रास दिसतात, तर पेठांतील जुन्या घरांमध्ये लाकडी खांब-तुळयांच्या चौकटीत माती-विटांनी भरलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. रंग दिल्यावर दोन्ही भिंती पक्क्या विटांच्या भिंतीसारख्याच दिसतात आणि टीव्ही किंवा फळी लावायची म्हटली की माणूस सरळ ड्रिल मशीन हातात घेतो. नुसत्या बोर्डात बसवलेला स्क्रू काही दिवस वजन पेलतो आणि मग भोवतीचा बोर्ड फोडून बाहेर येतो. म्हणून आधार, म्हणजे बोर्डामागचा पत्र्याचा चॅनेल किंवा जुन्या भिंतीतला लाकडी खांब, शोधूनच भोक पाडावे, आणि तो आधार किमान दोन वेगवेगळ्या रीतींनी पडताळल्याशिवाय खरा मानू नये.

भिंत आतून कशी बांधलेली असते हे कळले की शोध निम्मा सोपा होतो. नेहमीच्या वापरातील जिप्सम बोर्ड १२.५ मिलिमीटर जाड आणि १२२० मिलिमीटर, म्हणजे ४ फूट, रुंद असतो. जमिनीवर आणि छताला आडवा चॅनेल ठोकून त्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याचे उभे चॅनेल बसवतात. त्यांचे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत बहुधा ६१० मिलिमीटर म्हणजे २ फूट ठेवतात, कारण त्यामुळे बोर्डाच्या दोन्ही कडा आणि मध्य चॅनेलवर येतात. काही ठिकाणी हे अंतर ४०० मिलिमीटरच्या आसपासही असते, त्यामुळे टेप लावून केवळ हिशेबाने जागा ठरवू नये. बोर्ड चॅनेलला स्क्रूने जोडलेला असतो आणि उभ्या ओळीतील दोन स्क्रूंमध्ये साधारण ३०० मिलिमीटर अंतर असते. आपल्याला शोधायची आहे ती हीच ओळ.

त्यासाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे लहान पण जोरकस लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला निघाला तरी चालतो. मात्र रंगावर ओरखडे उठू नयेत म्हणून तो पातळ कापडात गुंडाळावा. छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवून तो आडवा, अगदी सावकाश, किंचित वर-खाली करत सरकवावा. स्क्रूच्या डोक्यावर आला की हाताला स्पष्ट ओढ जाणवते. तिथे पेन्सिलीने बारीक खूण करून त्याच रेषेत वर आणि खाली शोधावे. एकाखाली एक तीन खुणा सरळ ओळंब्यात आल्या, तरच तो चॅनेल समजावा. एखादीच खूण सापडली तर ती जुन्या कॅलेंडरच्या खिळ्याचीही असू शकते. भिंतीच्या कोपऱ्यावर सलग ओढ लागली तर ती बहुधा कोपरा राखण्यासाठी लावलेल्या पत्र्याच्या पट्टीची असते. बोर्ड दुहेरी असेल तर ओढ क्षीण होते, तेव्हा चुंबक आणखी हळू फिरवावा.

दुसरी रीत उजेडाची आहे. खोलीतील दिवे बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून धरली की पुट्टीने बुजवलेली स्क्रूची डोकी आणि बोर्डांचे सांधे बारीक खळग्या-उंचवट्यांच्या रूपात उठून दिसतात. आपल्याकडच्या लांब पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर कधी कधी गंजाचे तांबूस ठिपकेच रंगातून वर येतात आणि स्क्रूची जागा आपोआप कळते. मात्र तो ठिपका सावध करणाराही आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या पार्टिशनचा खालचा भाग बदलला नसेल, तर तिथे चॅनेल सापडला तरी त्यावर वजन टाकू नये; अंगठ्याने दाबल्यावर बोर्ड दबत किंवा भुगा होत असेल तर तो बोर्ड आधी बदलून घ्यावा.

बोटाच्या पेराने ठोकून पाहण्याची रीत पूरक म्हणून ठीक आहे. पोकळीवर आवाज घुमतो, चॅनेलवर तो बंद आणि आखूड होतो. बाजारात मिळणारे बॅटरीवरचे शोधक यंत्रही उपयोगी आहे, पण ते पोकळ जागेवर धरूनच सुरू करावे आणि डावीकडून व उजवीकडून असे दोनदा सरकवून चॅनेलच्या दोन्ही कडा नोंदवाव्यात. ओल्या भिंतीवर ते फसते, त्यामुळे पावसाळ्यात त्याचा कौल चुंबकाने ताडून घ्यावा.

विजेच्या तारांबाबत कोणतीही सूट घेऊ नये. भोक पाडण्यापूर्वी त्या खोलीचा एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा मुख्य पेटीतील स्विच) बंद करावा आणि ड्रिलसाठी वीज दुसऱ्या खोलीतून घ्यावी. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि त्याच उंचीच्या आडव्या रेषेत भोक पाडणे टाळावे, कारण चॅनेलना तारा नेण्यासाठी भोके असतात आणि तारा त्यांतून आडव्याही जातात. पलीकडे न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर असेल तर पाण्याची पाइपलाइन कुठून गेली आहे हे आधी विचारून घ्यावे.

खूण पक्की वाटली की २ मिलिमीटरच्या बिटने चाचणीचे भोक पाडावे. आधी पांढरी भुकटी पडते. मग बिट अडून चकचकीत पत्र्याचा बारीक कीस आला तर चॅनेल मिळाला, आणि बिट एकदम आत घुसला तर पोकळी आहे. अशा वेळी दुसरे भोक पाडण्याची घाई न करता, टोकाशी काटकोनात वाकवलेली ताठ तार त्याच भोकातून आत घालून फिरवावी. ती ज्या बाजूला अडते तिकडे चॅनेल आहे. चुकलेले भोक पुट्टीने बुजते. हा पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचाच असतो हेही ध्यानात ठेवावे. हलकी फळी त्यावर राहील, पण मोठा टीव्ही किंवा भांड्यांचे कपाट टांगायचे असेल तर बोर्ड उघडून दोन चॅनेलांमध्ये जाड प्लाय बसवून घेणे हाच योग्य उपाय आहे.

जुन्या घरात चुंबक लाकूड दाखवत नाही, खिळे तेवढे दाखवतो. तिथे छताकडे पाहावे: तुळई भिंतीवर जिथे टेकते, तिच्या खाली बहुधा खांब असतो. उघड्या दिसणाऱ्या दोन खांबांमधील अंतर मोजून तेच अंतर पुढे धरले की लपलेल्या खांबाचा अंदाज येतो, आणि चाचणीच्या भोकातील भुकटी तो पक्का करते. लालसर पूड विटेची, मऊ भुरकट पूड मातीची, आणि वास येणारा तपकिरी भुसा लाकडाचा. खांब आणि तुळई यांच्या जोडावर भोक पाडू नये. जुने सागवान कठीण असल्यामुळे स्क्रूपेक्षा बारीक बिटने आधी वाट करून मगच स्क्रू फिरवावा. बिट जोर न लावताच आत जात असेल आणि भुशाऐवजी मातीमिश्रित चुरा येत असेल, तर वाळवीची शंका घ्यावी, त्या खांबावर काहीही न टांगता तो आधी जाणत्या सुताराला दाखवावा.