वादविवादाला "स्नोडेनने परत जाऊन खटला लढवावा का" आला तर तयारी कशी करायची

परवा रात्री साडेअकराला एका ज्युनिअरचा व्हॉट्सॲप आला, "दादा विषय आलाय, सरकारी गुपितं फोडून परदेशात गेलेल्याने मायदेशी परतून खटल्याला सामोरं जावं, आमची अनुकूल बाजू आहे, काय बोलू बे". दादा पण म्हणतो आणि बे पण, सोलापूरचं पोरगं, जाऊ दे. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं नीट टाइप करतोय, कारण हा विषय शब्द बदलून फिरून फिरून येतोच आणि दरवेळी पोरं तीच चूक करतात.

चूक ही की पहिली दोन मिनिटं "देशभक्ती म्हणजे काय" यात घालवतात. विषयात नाव नसलं तरी सगळ्यांच्या डोक्यात एनएसए या अमेरिकन गुप्तचर संस्थेची गुपितं फोडणारा एडवर्ड स्नोडेनच असतो, मग सरळ नाव घ्या आणि तारखा पाठ करून जा. मे २०१३ मध्ये तो हवाईहून हाँगकाँगला गेला, ५ जूनला पहिली बातमी आली (व्हेरायझन कंपनीने कोट्यवधी ग्राहकांचे कॉल रेकॉर्ड रोजच्या रोज एनएसएला द्यायचे, असा गुप्त कोर्टाचा आदेश), ९ जूनला त्याने स्वतःच नाव जाहीर केलं, २१ जूनला त्याच्यावरचे आरोप बाहेर आले आणि २३ जूनला तो मॉस्कोला उतरला. तोपर्यंत अमेरिकेने पासपोर्ट रद्द केलेला, त्यामुळे महिनाभराहून जास्त विमानतळाच्या ट्रांझिटमध्येच अडकला, १ ऑगस्टला तात्पुरता आश्रय मिळाला. म्हणून "तो रशियाला पळाला" असं कुणी म्हटलं की लगेच पकडायचं, त्याच्या म्हणण्यानुसार त्याला लॅटिन अमेरिकेत जायचं होतं, रशिया मधलं स्टेशन होतं. त्याने आश्रयासाठी ज्या वीसेक देशांकडे अर्ज केले त्यात भारतही होता आणि आपण जुलै २०१३ मध्येच नाही म्हणून मोकळे झालो. हे सांगितलं की पेपर चाळणारा परीक्षक पण मान वर करतो, अनुभवाने सांगतो.

आता आरोप. व्हर्जिनिया राज्यातल्या फेडरल कोर्टात तीन आहेत, सरकारी मालमत्तेची चोरी एक आणि १९१७ च्या हेरगिरी कायद्याखालचे दोन, प्रत्येकी जास्तीत जास्त १० वर्षं, म्हणजे मिळून ३०. फाशीचं नाव काढू नका. थर्ड इयरला असताना मी जोशात "त्याला फासावर लटकवतील" असं बोललो आणि समोरच्या पोरीने शांतपणे सांगितलं की अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने, एरिक होल्डरने, जुलै २०१३ मध्येच रशियाला लेखी कळवलं होतं की फाशी मागणार नाही आणि छळही करणार नाही. संपला विषय, माझी उरलेली तीन मिनिटं पाण्यात.

पण ३० वर्षं हा मुद्दाच नाहीये खरं तर, आणि इथं जरा थांबा कारण सगळा वाद इथंच जिंकला किंवा हरला जातो. त्या हेरगिरी कायद्याखाली माणसाने कागद "का" बाहेर काढले हे ज्युरीपुढे येऊच देत नाहीत. काढले की नाही, ते गोपनीय होते की नाही, दिले ते त्या माणसाला द्यायची परवानगी होती का, एवढंच. डॅनियल एल्सबर्ग आठवा, व्हिएतनाम युद्धाचे कागद १९७१ मध्ये फोडणारा. तो पळाला नाही, स्वतः हजर झाला, जामिनावर बाहेर राहून खटला लढला. त्याच्या वकिलाने त्याला विचारलं की तू हे कागद का कॉपी केलेस, तर सरकारी वकिलाची हरकत लगेच मान्य, प्रश्न गैरलागू. हे एल्सबर्गनेच नंतर कितीदा सांगितलंय, आणि २०१३ मध्ये त्याने लिहूनही टाकलं की स्नोडेनने देश सोडला ते बरोबर केलं, माझा काळ वेगळा होता.

आता अनुकूल बाजूची पोरं हमखास दोन नावं आणतात, सॉक्रेटिस आणि टिळक. सॉक्रेटिसने पळायला नकार दिला, विष प्याला. टिळक १९०८ ला हायकोर्टात उभे राहिले, सहा वर्षं मंडाले भोगली. टाळ्या पक्क्या. पण प्रतिकूल बाजूला असाल तर हीच दोन नावं उचलून परत त्यांच्याच टेबलावर ठेवायची. सॉक्रेटिसला अख्ख्या अथेन्ससमोर मी असा का वागलो हे सांगायला मिळालं. टिळक तर स्वतःच स्वतःचे वकील होऊन २१ तासांवर बोलले, परक्या सरकारच्या कोर्टात, दावरांसारख्या जजपुढे, आणि तरी हेतूबद्दल बोलता आलं, सात विरुद्ध दोन असे ज्युरी फुटले. जे टिळकांना १९०८ च्या मुंबईत मिळालं ते स्नोडेनला आजच्या व्हर्जिनियात मिळेल का? हे वाक्य पाठ करून ठेवा. (आणि हो, चार पुतळ्याजवळचे आपले सोलापूरचे चार हुतात्मे या भाषणात आणू नका. ते पकडले गेले, १९३० च्या मार्शल लॉच्या त्या दिवसांत त्यांना परत यायचं की नाही असा पर्यायच नव्हता, तुलना बसत नाही, उगाच सोलापूर म्हणून घुसडल्यासारखं दिसतं. सावरकर १९१० मध्ये पॅरिसहून लंडनला परत आले आणि स्टेशनवरच अटक झाली, ते उदाहरण बसतं खरं, पण ते काढलं की पुढची दहा मिनिटं सावरकरांवर जातात आणि स्नोडेन राहतो बाजूला.)

मग त्या पोराने विचारलं, दादा आपली तर अनुकूल बाजू, आपण काय मेलो का? नाही बे, अनुकूलला पण चांगलं मटेरियल आहे, फक्त "कायदा म्हणजे कायदा" असं बोलू नका. एल्सबर्गचंच पुढचं बघा, सरकारच्या माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ऑफिस फोडलं होतं, ते खटला चालू होता म्हणून उघडं पडलं आणि मे १९७३ मध्ये जजने केस फेकून दिली. कोर्टात सरकारलाही घाम फुटतो. दुसरं, २०१५ आणि २०२० मध्ये अमेरिकेच्याच दोन अपील कोर्टांनी सांगितलं की ती सरसकट कॉल रेकॉर्ड गोळा करायची भानगड कायद्यात बसत नव्हती, म्हणजे तो गेला तेव्हा होती त्यापेक्षा हवा बरी आहे. तिसरं, विकिलीक्सला सरकारी कागद देणारी अमेरिकन सैनिक चेल्सी मॅनिंग, तिला ३५ वर्षांची शिक्षा झाली पण ओबामाने २०१७ मध्ये कमी केली, आणि स्नोडेनबद्दल विचारलं तेव्हा ओबामा म्हणाला जो कोर्टापुढे आलाच नाही त्याला माफी कशी देऊ. म्हणजे दार आहे, पण ते कोर्टातून जातं. आणि चौथं सगळ्यात टोचणारं, रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याच वर्षी, २०२२ मध्ये, पुतिनने त्याला नागरिकत्व दिलं. पाळत ठेवणाऱ्या सरकारविरुद्ध बोललेला माणूस कुणाच्या छताखाली राहतोय हा प्रश्न प्रतिकूलवाल्यांना खरंच जड जातो, मला तरी आजपर्यंत त्याचं चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

विकिलीक्सवाल्या असांजला यात मिसळू नका. तो अमेरिकन नाही, सरकारी नोकर कधी नव्हता. फारतर एवढंच वापरा की २०२४ मध्ये सायपान या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर एक गुन्हा कबूल करून तो घरी गेला, म्हणजे खटला आणि पळणं याच्या मधली सौदेबाजीची वाट पण असते.

परीक्षक वकील असतील तर "आपल्याकडे काय?" येणारच. १९२३ चा शासकीय गुपितं कायदा अजून आहे, २०१४ मध्ये जागल्यांच्या (म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा कायदा झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण अंमलात आणायची अधिसूचना वर्षानुवर्षं लटकलेली. आणि सत्येंद्र दुबेचं नाव घ्या. महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली, नाव फुटलं, नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत गोळ्या घातल्या. सावकाश बोला हे, आवाज चढवायची गरज नाही.

माझं मत विचाराल तर स्नोडेनने आत्ता जाऊ नये. त्याने स्वतःच २०१९ मध्ये सांगितलंय की का केलं हे ज्युरीला ऐकू देणार असाल तर मी येतो. अट वाजवी आहे. पण माझं मत तुमच्या भाषणात नको, काही ठिकाणी बाजू ऐनवेळी चिठ्ठी टाकून ठरते, दोन्ही तयार ठेवा, एका कार्डावर तारखा आणि दुसऱ्यावर फक्त नावं, पूर्ण वाक्यं लिहून नेलीत तर वाचत बसाल.

सराव रात्री गच्चीवर करा, दिवसा सोलापुरात उन्हाने घसा कोरडा पडतो. खंडनाच्या दोन मिनिटांत एकच प्रश्न टाका, "ज्युरीला का ते सांगता येईल का, हो की नाही?" आणि विचारून झाल्यावर तोंड बंद ठेवा, समोरचा पाणी पिईपर्यंत.