शॅमेलिऑनचं पिल्लू आणि आपला विदर्भाचा उन्हाळा: पिंजरा कसा लावायचा, रंग कसा ओळखायचा

पहिले कायद्याचं बोलून घेऊ. वावराच्या धुऱ्यावर, बोरीबाभळीवर तो हिरवा, डुलत डुलत चालणारा सरडा दिसतो ना, तो आपला देशी शॅमेलिऑन, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्याला पकडणं, घरी ठेवणं, विकणं सगळं गुन्हा आहे. तो विषारी नाही, फुसफुसला तरी काही करत नाही, म्हणून गावातल्या पोट्ट्यांना सांगा की त्याला दगड मारू नका. रस्त्यात सापडला तर एका काडीवर चढू द्या आणि बाजूच्या झाडावर सोडा, जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावा.

घरी पाळतात तो वेगळा, व्हेल्ड शॅमेलिऑन, मूळचा येमेन आणि सौदीच्या डोंगराळ भागातला, आणि घ्यायचा तर पिंजऱ्यात जन्मलेलाच घ्यायचा. तोही साइट्स (CITES) या, प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालणाऱ्या कराराच्या यादीत येतो, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. विकणारा कागद देत नसेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

आता मुद्दा. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ थंड देशातले असतात, त्यात सगळं बोलणं पिंजरा गरम कसा ठेवायचा यावर, आणि आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत सगळी मारामार थंड कसा ठेवायचा याची असते. पिल्लाला बसायच्या फांदीवर २७ ते २९ डिग्री पुरते, बाकी पिंजऱ्यात २३ ते २६ असलं की ते खूश. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि घरातच ३६-३८ होते, आणि इतक्याशा अंगाचं पिल्लू मोठ्यापेक्षा लवकर तापतं, लवकर सुकतं. म्हणून पिंजऱ्याआधी खोली ठरवा. पत्र्याखाली अजिबात नको, स्लॅबखालची वरची खोली पण दुपारी भट्टी होते. मातीच्या भिंतीचं, कवेलूचं जुनं घर असेल तर त्याच्यातली मधली खोली सगळ्यात बरी. पिंजरा टेबलावर किंवा मांडणीवर इतका उंच ठेवा की पिल्लाची बसायची जागा तुमच्या डोळ्यांच्या वर येईल, कारण वरून येणारं सगळं त्याला शिकारी वाटतं, तुम्ही पण. मांजर, कोंबड्या, येणारीजाणारी लेकरं, टीव्ही, आरसा, हे समोर नको.

पिंजरा जाळीचा पाहिजे. काचेचा मासे ठेवायचा टँक घेऊ नका, त्यात हवा कोंडते आणि काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसून पिल्लू दिवसभर दुसरा शॅमेलिऑन आला समजून तणावात राहते. लहानपणी साधारण ४० बाय ४० आणि उंची ७५ सेंटीमीटरचा पुरतो, फार मोठा असला तर पिल्लाला किडेच सापडत नाहीत, मोठं झाल्यावर मात्र ६० बाय ६० बाय १२० लागतोच. गावातला सुतार किंवा वेल्डिंगवाला फ्रेम आरामात करून देतो, फक्त जाळीची तार धारदार नको, बोटं आणि नखं अडकतात. आत पेरूच्या, जांभळाच्या बारीक फांद्या आडव्या-तिरप्या बसवा, जाडी अशी की त्याचा पंजा जवळपास पूर्ण वळला पाहिजे. औषध फवारलेल्या झाडाची फांदी नको. मनी प्लांट आणि जास्वंद कुंडीसकट आत ठेवा, जास्वंदाची पानं ते खातं पण, काही बिघडत नाही. नर्सरीतून आणलेलं झाड पानं धुऊन, माती बदलून मगच आत ठेवा. कण्हेर आणि रुई चुकूनही नको. आणि मुंग्या! आपल्याकडे मुंग्या पिंजऱ्यात शिरल्या की झोपलेल्या पिल्लाला चावून बेजार करतात, म्हणून मांडणीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, दुधाच्या कपाटाला करतो तसंच.

लाइट दोन लागतात. एक यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची लांब ट्यूब, टी ५ प्रकारची, ५ किंवा ६ टक्केवाली, फांदीपासून २० ते २५ सेंटीमीटर वर. ही नसेल तर कितीही कॅल्शियम चारा, अंगी लागत नाही, हाडं वाकतात. काचेतून यूव्हीबी येत नाही, म्हणून खिडकीच्या काचेमागचं ऊन इथे मोजू नका. ट्यूब पेटत राहते पण तिची यूव्हीबी कमी होत जाते, म्हणून वर्षभरात बदला. दुसरा उष्णतेचा साधा बल्ब, आणि इथे माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये तो लावायचाच नाही, खोलीच ३० च्या वर असेल तर बल्ब म्हणजे त्रासच. दिवसा १२ तास उजेड, रात्री पूर्ण अंधार, रंगीत नाइट लॅम्प नको. एक डिजिटल थर्मामीटर घ्या, ज्यात ओलावाही दिसतो, आणि त्याची वायर पिल्लू जिथे बसते त्या फांदीजवळ ठेवा, पिंजऱ्याच्या तळाशी नाही.

उन्हाळ्यात खोलीत कूलर चालू द्या, पण त्याचा झोत पिंजऱ्यावर नको, भिंतीकडे वळवा. आपली हवा इतकी कोरडी असते की कूलर चांगला काम करतो आणि ओलावा पण वाढवतो. लाइन गेली तर खिडकीला ओलं पोतं लावा आणि पिंजऱ्याच्या दोन बाजूंना ओलं सुती कापड टाका, दोन बाजू मोकळ्या ठेवा, सगळीकडून झाकलं तर आत वाफ कोंडते. पावसाळ्यात उलटं: कूलरचा काही फायदा नाही, हवा आधीच ओली, तेव्हा पाण्याचा फवारा कमी आणि पंख्याची हवा खेळती ठेवायची, दिवसभर ओल्या कोंदट पिंजऱ्यात छातीचा आजार धरतो. थंडीत रात्री १८ पर्यंत उतरलं तर चालते, आपल्याकडे डिसेंबरात त्याखाली बरंच जाते, तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर जाळीच्या बाहेरून लावा.

पाण्याची वाटी ठेवून उपयोग नाही. हे प्राणी पानावरचे थेंब चाटतात. पहाटे लाइट लागायच्या आधी आणि सांजच्याला बारीक फवारा मारा, आणि दिवसा एक ड्रिपर लावा. त्याच्यासाठी मेडिकलमधून नवा सलाइन सेट आणा, बाटलीला लावा, त्याचं चाक फिरवून दोन-तीन सेकंदाला एक थेंब मनी प्लांटच्या पानावर पडेल असं करा, खाली डबा ठेवा. मग लांब बसून बघा. थेंब डोक्यावर पडला की पिल्लू आधी थांबते, डोकं थोडं वर करते, आणि मग हळूहळू जबडा हलवायला लागते, जणू काही चघळते आहे, आणि एकदा सुरू झालं की बराच वेळ पिते. या वेळी हलू नका, ते लगेच बंद करते. पाणी पुरतं का हे विष्ठेत कळते: त्यातला लघवीचा घट्ट भाग पांढरा असेल तर बरं, नारंगी-पिवळा झाला किंवा डोळे आत गेले तर पाणी कमी पडत आहे.

आता रंगाचं. भिंतीसारखा, पानासारखा रंग करतो हे खोटं आहे. कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे बारीक स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की रंग बदलतो, हे २०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑन या दुसऱ्या जातीवर दाखवलं. आणि बदलतो तो गरमी, भीती, राग, झोप यामुळे. पण नुसता रंग पाहून निर्णय घेऊ नका, तो कुठे बसला आहे ते सोबत बघा. सकाळी बल्बखाली अंग चपटं करून काळपट बसला असेल तर तो ऊब घेतो आहे, जवळून पाहिलं तर बल्बकडची बाजू गडद आणि पलीकडची अजून हिरवी दिसते. तासाभरात हिरवा होऊन शिकारीला निघाला तर सगळं ठीक, दुपारपर्यंत तिथेच काळा बसून असेल तर पिंजरा थंड आहे. बल्बपासून लांब, फांदीमागे लपून काळा पडला असेल तर घाबरलेला आहे, समोर काय दिसतं ते शोधा, पानं वाढवा. फिका पडून तोंड उघडं ठेवून बसला तर गरम होत आहे, लगेच बल्ब बंद करा. खोली थंड असूनही तोंड उघडंच राहते, मान वर करून श्वास घेते, तोंडात फेस दिसतो, तर डॉक्टरकडे न्या.

चालताना मागेपुढे डुलणं, तुम्ही गेलात की फांदीच्या पलीकडे सरकणं, दर काही आठवड्यांनी कात टाकणं, तेव्हा अंग घासणं, एक डोळा फुगवून गरगर फिरवणं, हे सगळं नॉर्मल. दिवसा डोळे मिटून बसणं नॉर्मल नाही. पिल्लू दिवसा झोपत नाही, दिवसा डोळे मिटले म्हणजे आजारी आहे किंवा पाणी नाही. सतत जाळीवर चढउतार करत असेल तर पिंजऱ्यात त्याला काहीतरी सहन होत नाही, बहुतेक वेळा गरमी किंवा कमी पानं. आणि हातात घ्यायची घाई नको, लेकरांना तर सांगूनच ठेवा. सवय लावायची तर हातातून किडा द्या, तेही ते स्वतःहून पुढे आलं तरच. दोन पिल्लं एका पिंजऱ्यात ठेवू नका, भावंडं असली तरी.

खाण्यात पिल्लाला रोज किडे लागतात, आकार त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नको. विकतचे झुरळाएवढे क्रिकेट (रातकिडे) नकोत, लहान मागवा, आणि ते क्रिकेट एक दिवस शेवग्याचा पाला, गाजर, भोपळा खाऊ घालून मग द्या, त्यावर कॅल्शियम पावडर भुरभुरा, व्हिटॅमिन डी ३ वालं महिन्यातून दोनदाच. वावरातले नाकतोडे फुकट मिळतात म्हणून आणू नका, पऱ्हाटी आणि सोयाबीनवर किती फवारणी होते ते आपल्याला माहीतच आहे. काजवे तर अजिबात नाही, ते सरड्यांना विषारी असतात. एक चांगली सोय मात्र आपल्याकडे आहे, रेशीमवाले शेतकरी. तुतीवर औषध मारलं तर त्यांच्याच अळ्या मरतात, म्हणून ते सहसा मारत नाहीत, त्यांच्याकडून बारीक रेशीम अळ्या मागून घ्या, फक्त चुना किंवा ब्लिचिंग टाकलेल्या दिवशी नको.

मादी असेल तर, मागच्या पायाच्या टाचेवर काटा नसतो त्यावरून कळते, तिला सहा महिन्यांच्या आसपास नराशिवायही अंडी येऊ शकतात. तेव्हा ओल्या रेतीचा एक फूट खोल डबा लागतोच, जागा नाही मिळाली तर अंडी अडकून मरते.

जबडा मऊ लागणं, पाय वाकणं, जीभ नीट बाहेर न येणं, यात घरगुती इलाज करत बसू नका. तालुक्याच्या दवाखान्यात गाईम्हशींचा अनुभव असतो, सरड्याचा क्वचितच, म्हणून नागपूर किंवा अकोल्याच्या व्हेटर्नरी कॉलेजला आधी फोन करून विचारा. नेताना छिद्रं पाडलेल्या खोक्यात एक काडी आडवी घट्ट बसवा, वरून सुती कपडा टाका, ताजी विष्ठा छोट्या डबीत घ्या, पिंजऱ्याचा आणि लाइटचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि उन्हाळा असेल तर पहाटेच्या पहिल्या गाडीनेच निघा.