ग्रेट्झकीची सही घ्यायचीय? आधी हे बघा

आइस हॉकीचा दिग्गज खेळाडू वेन ग्रेट्झकी १९९९ ला रिटायर झाला पण त्याच्या सहीला आजही जबरदस्त मागणी आहे, आणि मागणी आली की नकली माल आलाच. म्हणून वस्तू आवडली की लगेच पैसे टाकू नका.

त्याच्या बाबतीत अपर डेक ऑथेंटिकेटेड या सही केलेल्या वस्तू विकणाऱ्या कंपनीचा माल सगळ्यात सेफ, तिथे सही कंपनीच्या माणसासमोर होते आणि वस्तूवर नंबरवाला होलोग्राम लागतो, तो नंबर सर्टिफिकेटशी जुळवा आणि त्यांच्या साइटवरही टाकून बघा. होलोग्राम नसेल तर पीएसए, जेएसए नाहीतर बेकेट अशा सह्या तपासणाऱ्या कंपनीकडून खात्री करून घ्या. विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं सर्टिफिकेट माझ्या मते रद्दीच.

मग भिंग घ्या. हाताने केलेल्या सहीत पेन कुठे दाबलंय, कुठे झर्रकन ओढलंय ते कळतं, रेघेवर रेघ जाते तिथे शाई दाट दिसते. छापलेल्या सहीत बारीक ठिपके दिसतात, मशीनची सही सगळीकडे एकाच जाडीची वाटते.

जर्सी असेल तर टीम बघा. ऑइलर्सकडे तो १९८८ पर्यंत होता, मग किंग्स, थोडे दिवस ब्लूज, शेवटी रेंजर्स, आणि नंबर सगळीकडे ९९.

पक, म्हणजे बॉलच्या जागी असते ती काळी रबरी चकती, त्यावर सिल्व्हर पेंट पेनची सही काय खुलून दिसते! पण बोट घासलं की उडते, त्यामुळे नेहमी कडेनेच धरा. फोटो मात्र उन्हात अजिबात लावू नका, शाई फिकी पडते.