बँकॉकचा राजवाडा आणि नदीकाठ: मुलांसह एक दिवस

ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो. तेव्हाच दारात हजर राहा. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य होतात, आणि मुलं कुरकुरायला लागतात. तिकीट परदेशी माणसाला 500 बात, 120 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मोफत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कपड्यांवर ओढणी घेतलेली चालत नाही, तेव्हा बाह्यांचेच कपडे घाला.

बाहेर कोणी अगदी गोड बोलून "आज राजवाडा बंद आहे" म्हणाला आणि स्वस्तात टुकटुक (तिथली रिक्षा) देऊ लागला, तर सरळ पुढे चला. ती सफर रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात संपते.

आत पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत रामकियन, म्हणजे थाई रामायण, 178 चित्रांत रंगवलंय. उत्तरेकडून सुरू करून घड्याळाच्या दिशेने फिरा. जनकाला सीता सापडते तिथून कथा सुरू होते, त्यामुळे मुलांना गाइड लागत नाही. हनुमान मात्र इथे ब्रह्मचारी नाही; प्रश्न येतील, तयारीत राहा. मुख्य गाभाऱ्यात फोटो काढू नका, बसताना पाय मूर्तीकडे करू नका.

तिथून 'वाट फो' हे देऊळ चालत दहा-पंधरा मिनिटांवर ('वाट' म्हणजे थाईत देऊळ). 46 मीटर लांब निजलेला बुद्ध बघा, तळव्यांवरचं शिंपल्यांचं जडावकाम चुकवू नका. मग था तिएन धक्क्यावरून होडीने नदीपलीकडे 'वाट अरुण' या देवळात जा. तिथल्या पायऱ्या फार उभ्या आहेत, लहानग्यांचा हात धरा. संध्याकाळी परतताना सनाम चाई स्थानकावरून मेट्रो घ्या.