घरच्या कामासाठी पहिला सँडर निवडताना

हौसेने सुतारकाम करणाऱ्याचा बराच वेळ लाकूड घासण्यात जातो आणि पॉलिश किती उठून दिसेल हेही त्या घासण्यावरच ठरते, म्हणून ड्रिलनंतर कोणते यंत्र घ्यावे असे कोणी विचारले की मी सँडर, म्हणजे पॉलिश पेपर लावून लाकूड घासणारे विजेचे यंत्र, सुचवतो. मात्र त्याची निवड वॅटच्या आकड्यावरून करू नये. यंत्राची चकती लाकडावर कशी फिरते, हे आधी समजून घ्यावे.

बेल्ट सँडरचा पट्टा एकाच दिशेने धावतो आणि लाकूड झपाट्याने खातो. जुन्या सागवानी फळ्या सपाट करायला तो उत्तम आहे, परंतु व्हिनियर लावलेल्या प्लायवूडवर लाकडाचा वरचा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. वडिलांच्या टेबलावर मी एकदा असा भाड्याने आणलेला सँडर टेकवला आणि पाहता पाहता खालचा प्लाय उघडा पडला. तो चट्टा कोणत्याही पॉलिशने झाकला गेला नाही. हातात धरायच्या ग्राइंडरला फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती, लावून लाकूड घासण्याची पद्धतही घरी अनुसरू नये, कारण ४ इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो आणि हात किंचित कलला तरी लाकडात खळगा पडतो.

घरासाठी माझी पसंती १२५ मिलिमीटर, म्हणजे ५ इंची चकतीच्या रँडम ऑर्बिटल सँडरला आहे. यात चकतीचा मध्य दोन-तीन मिलिमीटरच्या छोट्या वर्तुळात फिरतो आणि त्याच वेळी चकती स्वतःभोवतीही मोकळी फिरत राहते, त्यामुळे पेपरचा एकच कण पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जात नाही आणि लाकडाच्या रेषांना आडवे ओरखडे सहसा दिसत नाहीत. हे वर्तुळ जितके लहान, तितकी घासणी नाजूक. वेग कमी-जास्त करण्याची सोय असलेले यंत्रच घ्यावे, कारण जुना रंग किंवा वॉर्निश जास्त वेगाने तापून पेपरला चिकटते. गोल चकती कोपऱ्यात पोहोचत नाही. खिडकीच्या चौकटींचे काम अधिक असेल, तर साध्या पॉलिश पेपरचा पाव तुकडा लावून चालणारा चौकोनी फिनिशिंग सँडर पुढे जोडीला घेता येईल.

धुळीचा विचार किमतीइतक्याच गांभीर्याने करावा. लाकडाची धूळ कर्करोगास कारणीभूत ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केलेले आहे. यंत्राची पिशवी बारीक धूळ पुरती अडवत नाही, म्हणून व्हॅक्यूम क्लीनरची नळी बसेल असे तोंड यंत्राला आहे का ते पाहावे आणि एन-९५ मास्क वापरावा. जुन्या वाड्यातल्या दारांचा रंग तर सँडरने कोरडा घासूच नये. त्यात शिसे असण्याची शक्यता मोठी आहे, कारण घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण तिकडचा १२० व्होल्टचा सँडर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळतो. वेल्क्रोने चिकटणारे गोल पेपर जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात ८०, १२०, १८० आणि २२० नंबरांत (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) मिळतात का, आणि त्यांची भोके चकतीच्या भोकांशी जुळतात का, हे यंत्र घेण्यापूर्वीच पाहून ठेवावे. भोके जुळली नाहीत तर धूळ खेचली जात नाही.

शक्य असल्यास दुकानातच यंत्र चालवून फळीच्या तुकड्यावर टेकवून पाहावे. चकतीच्या कडेवर पेनाने एक रेघ ओढावी. केवळ यंत्राच्या वजनाने घासताना ती रेघ सावकाश फिरताना दिसली पाहिजे, आणि हाताचा दाब वाढवताच ती थांबली, तर आपला हात जड पडतो आहे असे समजावे.